जुनाच कंट्रोलर

बाबांचा लग्नपत्रिका छपाईसाठी तयार करायचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्याची डिस्क जशीच्या तशी कॉपी करून मी माझ्या लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअरचा एक खोटा कॉम्प्युटर उभा केला. अशा खोट्या कॉम्प्युटरला डिस्क कुठल्या कंट्रोलरने, म्हणजे मधल्या दुव्याने, जोडल्याचं भासवायचं, ते आपणच ठरवायचं असतं. मी सगळ्यात वेगवान निवडला. याआधी एका नव्या सिस्टीमने तो मुकाट्याने घेतला होता. बाबांची सिस्टीम मात्र निळा पडदा दाखवून म्हणाली, डिस्कच सापडत नाही.

डिस्क तर समोर होती. तिच्यातली एकेक पत्रिका शाबूत होती. पण असला कंट्रोलर त्या सिस्टीमच्या काळात जन्मालाच आला नव्हता, तर ती बिचारी ओळखणार कशी? शेवटी मी जुनापुराणा, रडतखडत चालणारा कंट्रोलर निवडला आणि बाबांचा डेस्कटॉप उजळला.

"बाबा, बघा, चालू झाला!"

खाटेवरून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हल्ली ते मला ओळखत नाहीत. माझी पिकलेली दाढी त्यांच्या आठवणीत कुठेच बसत नाही. तिच्यात त्यांना दिसतो त्यांचा धाकटा भाऊ, वसंता. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आधी मी समजवायचो, चिडायचोसुद्धा. आता वसंता होऊन बसतो. तेवढं केलं की ते जेवतात, बोलतात.

"वसंता," ते म्हणाले, "आमचा पोरगा का येत नाही रे?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

"येईल, दादा."