धाकटीची वही

थोरली धाकटीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी, आणि तेवढ्या भांडवलावर ती जन्मभर ताईगिरी करत आलेली. ती पडदे शिवायची. धाकटी शाळेत भूगोल शिकवायची. पण तेविसाव्या वर्षी तिला नसलेली माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. नातेवाईक म्हणाले, रक्तातच आहे. आईने मात्र सगळं स्वतःवर ओढून घेतलं. लहानपणी एकदा धाकटीला खोलीत कोंडलं होतं, तेच ती वीस वर्षं उगाळत बसली.

मनोविकारांवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना अशाच जुळ्या हव्या होत्या: एक आजारी, एक धडधाकट. त्या घरी आल्या. थोरलीने पडद्यांचा ढीग सारून त्यांना खुर्ची मोकळी करून दिली.

"दोघींची जनुकं जवळजवळ तीच," बाई म्हणाल्या. "पण कुठलं जनुक जागं राहतं, कुठलं झोपतं, ते आयुष्यभर बदलत असतं. तो फरक रक्तात शोधायचाय. दर तीन महिन्यांनी, सहा वर्षं."

"मी कोंडलं म्हणून झालं का हो?" आईने दारातूनच विचारलं.

"छे हो आजी! एकदा कोंडल्याने असा आजार होत नाही."

आई मटकन खाली बसली आणि पोटभर रडली.

"आम्ही येऊ," थोरलीने सांगून टाकलं.

"आम्ही कोण?" धाकटी कडाडली. "रक्त माझं आहे, मला विचारा. मी बरी होईन का याने?"

"बहुधा नाही. पुढच्यांना उपयोग होईल."

"खरं बोललात. येईन मी."

दोघी चोवीस वेळा गेल्या. सुईला घाबरायची ती थोरली. धाकटीच तिचा हात धरून बसायची. धाकटीने आपणहून एक वही ठेवली: झोप किती लागली, गोळ्या कधी घेतल्या, आवाज कधी वाढले. ती वही चाळताना डॉक्टरीणबाई चाटच पडल्या. झोपेबद्दल त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं! पुढच्या महिन्यापासून संशोधनातल्या प्रत्येक जोडीच्या हाती तशी वही आली.

सातव्या वर्षी निष्कर्षांची सभा भरली. आजारी भावंडांच्या जनुकांवर काही वेगळ्या खुणा सापडल्या होत्या. त्यातल्या कितीतरी झोपमोडीबरोबर बदलत होत्या, आणि हे कळलं ते वह्यांमुळे. बाईंनी धाकटीला बोलायला बोलावलं.

"आत्ताही कानात कुणीतरी म्हणतंय, बाई, खाली उतर," धाकटीने माइक जवळ ओढला. "मी म्हटलं, थांब जरा, माझं बोलून व्हायचंय."

सभागृह खदखदून हसलं आणि मग वीस मिनिटं कान देऊन ऐकत राहिलं. शेवटी टाळ्या थांबेनात. बाहेर जिन्यावर लोक थोरलीचेच हात हातात घेऊ लागले, "काय बोललात हो!"

"मी नाही, ती माझी बहीण!" थोरली प्रत्येकाला ऊर भरून सांगत होती.

पुढच्या संशोधनाचे प्रश्न ठरवणाऱ्या समितीवर धाकटीला घेतलं. पहिल्याच बैठकीत तिने नऊ प्रश्न खोडले, चार नवे सुचवले, आणि चारही मंजूर करून घेतले.