जनाबाईच्या ट्रकला आला राग

काही लोक किस्से जमवतात म्हणे. मला तशी गरज पडली नाही. कोपरला आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली दिनूभाऊंचं गॅरेज, त्यामुळे किस्से आपणच जिना चढून वर यायचे! मी सातवी शिकलेली बाई, पण ट्रकच्या इंजिनातलं जेवढं मला कळतं तेवढं आमच्या ह्यांना अजून कळत नाही.

त्यातले निम्मे किस्से एकट्या जनाबाईच्या ट्रकचे. जनाबाई कोळीण. रोज सकाळी मासळी कल्याणच्या बाजारात न्यायची, नवरा पांडू ट्रक चालवायचा. लष्कराच्या लिलावातला म्हातारा ट्रक, तोही पेट्रोलवरचा! त्यात डिस्ट्रिब्युटर नावाचं एक भांडं. कुठल्या प्लगला ठिणगी कधी द्यायची ते हे भांडं ठरवणार. ते रुसलं की ट्रक बंद, आणि ट्रक बंद की मासळी खराब. पांडू म्हणायचा, "भंगारात घालू." जनाबाई म्हणायची, "आधी मला घाल!"

*

डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन पॉइंट असतात. त्यांच्यातली फट अगदी बेताची लागते. ती मोजायचं पातं दिनूभाऊंनी हरवलं आणि खालून हाक मारली, "वहिनी, एखादी लग्नपत्रिका टाका!"

मी माझ्या भाच्याची टाकली. सोनेरी, गणपती उठावाचा. दिनूभाऊंनी ती फटीत घालून बघितली आणि परत हाक, "ही श्रीमंताची आहे हो, जाड पडते. गरिबाघरची आहे का?"

*

एकदा मी चहा घेऊन खाली गेले. डिस्ट्रिब्युटरचं झाकण स्टुलावर पडलेलं, त्यावर खडूचे डाग. म्हटलं, माणूस कामात आहे, आपण जरा हात लावू. ओल्या फडक्याने लख्ख पुसून ठेवलं.

ते डाग म्हणजे कुठली वायर कुठे, त्याचे नंबर होते!

दिनूभाऊंनी अंदाजाने सहा वायरी जोडल्या. पांडूने स्टार्टर मारला आणि असा बार उडाला की समोरच्या आजोबांनी विचारलं, "कोण निवडून आलं?"

*

दसऱ्याला ट्रकची पूजा. पांडूने नारळ बंपरवर फोडला आणि त्यातलं पाणी नेऊन ओतलं थेट डिस्ट्रिब्युटरवर! ट्रक ढिम्म.

दिनूभाऊ ओरडले, "अरे, चाकांवर शिंपडायचं!"

पांडू म्हणाला, "जो सगळ्यात जास्त कोपतो, त्यालाच परसाद दिला!"

शेवटी ते झाकण माझ्या तव्यावर मंद आचेला वाळवलं. हे आतून विचारतात, "काय भाजतेस गं?"

"ट्रक!"

*

मग दिनूभाऊंनी मुंबईहून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणलं. काडेपेटीएवढी डबी. पॉइंट काढले, डबी बसवली. "आता दहा वर्षं बघायला नको!"

आठवड्यात ट्रक पत्रीपुलावर बंद पडला. पांडूने फोन केला, दिनूभाऊ रिक्षाने गेले, चावी फिरवली आणि एका झटक्यात चालू! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच!

पांडू वैतागून म्हणाला, "हा तुला बघूनच चालू होतो."

"मग माझा फोटो लाव केबिनमध्ये!"

जनाबाईने खरंच लावला. तरी ट्रक पुलावर थांबलाच.

"तुझा फोटो जुना हाय," ती म्हणाली, "वळखला नाय त्यानं!"

*

पण सलग चार दिवस मासळी वाया गेल्यावर पांडूने ठरवलंच. रविवारी भंगारवाला येणार! जनाबाई ट्रकला टेकून बसली ती उठेना.

शनिवारी मी तिच्यासोबत केबिनमध्ये बसले. सोबत म्हणून हो, दुसरं काही नाही. पत्रीपुलावर ट्रक बंद! जनाबाईला असा राग आला की तिने मासळीतला बर्फ पिशवीत भरला, बॉनेट उघडलं आणि त्या डबीवर दाबून धरला. "डोकं तापलंय मेल्याचं!"

दहा मिनिटांनी पांडूने चावी फिरवली. चालू!

आम्ही तडक गॅरेजात. दिनूभाऊंनी कपाळाला हात लावला. "डबी तापून बंद पडते! मी पोचेपर्यंत थंड होते, म्हणून मला खोड सापडत नव्हती. डबीची उष्णता खालच्या धातूत उतरायला मध्ये काहीतरी हवं."

मी सहज विचारलं, "डबीबरोबर काही आलं नव्हतं?"

दिनूभाऊ हळूच म्हणाले, "पांढऱ्या मलमाची ट्यूब होती. मला वाटलं फुकट दिली. शालिनीला दिली, टाचांच्या भेगांना."

शालिनी, म्हणजे त्यांची बायको, ट्यूब सोडेना. "माझ्या टाचांना केवढा फरक पडलाय!" शेवटी जनाबाईने तिचे हात धरले, तेव्हा कुठे दिली. पिळून पिळून चिमूटभर निघालं. तेवढं डबीखाली लावलं.

रविवारी भंगारवाला स्वतःचा खोकणारा टेम्पो घेऊन हजर. जनाबाईने त्यालाच ट्रकमध्ये बसवलं. कोपर ते कल्याण, कल्याण ते कोपर, मध्ये एकदाही न थांबता! पांडू खाली उतरला आणि पहिल्यांदाच ट्रकच्या बॉनेटवरून हात फिरवला.

भंगारवाला चाट. "असं लावलंत तरी काय?"

जनाबाई म्हणाली, "टाचांच्या भेगांचं मलम."

सोमवारी मी औषधांच्या दुकानात गेले, तर माझ्यापुढे तोच उभा. दुकानदार विचारत होता, "भेगा किती खोल आहेत?"

तो म्हणाला, "ते बघितलं नाही. पण टेम्पो मोठा आहे. दोन ट्यूब द्या!"