भाचा मजेत आहे

माझा धाकटा भाऊ पुण्याला कॉलेजात होता, तेव्हाची ही गोष्ट. युद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती आणि भोर हे संस्थानच होतं. वडील संस्थानच्या शाळेत मास्तर. आमच्या आळीतून कॉलेजात गेलेला भाऊ पहिलाच. त्यामुळे तो ज्या फुटबॉलच्या टीममध्ये खेळायचा, ती टीम आपोआप आमच्या गावाची झाली होती. ती नेहमी हरायची. पावसाळ्यात सामने सुरू झाले की पहिल्याच सामन्यात बाहेर पडायची, आणि मग भाऊ घरी आला की मोटारस्टँडवरचे लोक त्याला विचारायचे, "औंदा किती गोल खाल्ले?"

माझं पहिलं बाळंतपण भोरला झालं, चैत्रात. मुलगा झाला. भाऊ सुट्टीला घरीच होता. तो बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायचा, त्याला पैलवान म्हणायचा. बाळानं पाय झाडले की ओरडायचा, "अक्का, ह्याची डावी लाथ बघ! लेफ्ट आउट हाय ह्यो!" फुटबॉलमधलं मला काही कळत नसे. मी हसायची.

ज्येष्ठ संपताना मी बाळाला घेऊन सासरी गेले. सासर राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अलीकडे. आषाढात बाळाला ताप भरला. ओढ्यांना पूर होता, डॉक्टरपर्यंत जायला वाट नव्हती. तापातच ते गेलं. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, कारण मला आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की सुतक फिटल्यावर घरातली माणसं लावणीला खाचरात उतरली आणि मीही उतरले. रोपांच्या मुठी सोडवून चिखलात लावत होते, आणि पायांना चिखल गार लागतोय की नाही हेसुद्धा मला समजत नव्हतं. बांधावरच्या बायका म्हणत होत्या, "रडली न्हाई अजून. रडाया पायजे."

वडील मला न्यायला आले. भोरला आल्यावर आईनं मला जवळ घेतलं, मग छातीवर फडकं घट्ट बांधून दिलं. अंगावरचं दूध आटायला दिवस लागतात. मी केर काढत होते, भाकरी थापत होते, पाणी भरत होते. कुणी हाक मारली की ओ देत होते. मी एका घोंगडीत गुंडाळलेली आहे आणि सगळे घोंगडीच्या बाहेरून बोलतायत, असं वाटायचं.

भावाला कळवायचं होतं. पण त्याच आठवड्यात त्याचा पहिला सामना होता. वडील म्हणाले, "सामना होऊ दे. दरसाल हरतातच. रविवारी मी जाऊन सांगेन."

आणि ते जिंकले.

बातमी संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीबरोबर आली. मोटारीचा ड्रायव्हर आमच्याच गावातला, मुसलमान. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. पुण्याला गाडी लावून तो सामना बघायला गेला होता. नीरेच्या पुलापासूनच तो भोंगा वाजवत आला. लोकांना वाटलं, अपघात झाला. चाचानं गाडीतून उतरून सांगितलं, "मास्तरांच्या पोरानं गोल केला!" कुणाचा विश्वास बसेना. आमच्या आळीतला शिंपी म्हणाला, "समोरची टीम आजारी असंल."

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा जिंकले. त्याच्या पुढच्या आठवड्यात मुंबईच्या एका कॉलेजाला हरवलं. आता शिंप्यानं टीमच्या सदऱ्यांसारख्या हिरव्या कापडाचा झेंडा शिवून मोटारस्टँडच्या खांबाला लावला. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी अर्धं गाव पुलावर जाऊन उभं राही. भोंगा वाजला की जिंकलो, असं ठरलं होतं. भोंगा वाजला की लोक एकमेकांच्या गळ्यात पडत, गूळ वाटत. ज्यांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता, असे म्हातारे ऑफसाइडवर भांडत. किकवीकडची माणसंही बाजाराला आली की आमच्या घरावरून चक्कर मारून जात, घर बघायला.

वडिलांचं रविवारी पुण्याला जाणं दर सामन्यागणिक पुढं ढकललं जात होतं. त्यातच शिंपी आणि आणखी चौघे-पाच जण वडिलांकडे आले. मी आत दाणे निवडत होते. शिंपी म्हणाला, "मास्तर, एक बोलू का? पोराला आत्ताच काय सांगू नका. लई जीव हाय त्याचा भाच्यावर. पोर मोडून पडंल. टीम त्याच्यावर उभी हाय."

वडील उठून आत आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं हे मला कळलं.

मी म्हटलं, "नका सांगू."

"तुला काय वाटतंय, पोरी?"

"काही नाही वाटत."

ते खरं होतं. रागही आला नाही. मी पुन्हा दाणे निवडायला बसले.

असं करत सगळं गाव त्यात सामील झालं. अक्का बाळाला घेऊन माहेरी आलीय, एवढंच भावाला सांगितलं होतं. भाऊ दर सामन्यानंतर चाचाला विचारायचा, "आमचा पैलवान कसा हाय?" आणि चाचा सांगायचा, "मजेत हाय." एकदा भावानं तुळशीबागेतून लाकडी खुळखुळा घेऊन चाचाबरोबर पाठवला. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कुठंतरी ठेवून दिला. कुठं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर चाचा एकदा मुद्दाम दुपारचा घरी आला. आई नव्हती. तो ओसरीच्या कडेला टेकला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, मला आता हे खोटं बोलवत न्हाई," तो म्हणाला. "काल इचारत होता, बाळ पालथं पडाया लागलं का म्हून. म्या म्हनलं, व्हय. मग म्हनला, रांगाया कधी लागंल? माझी बी पोरं हायती. घास उतरंना मला रातीचा."

मी त्याला पाणी दिलं.

"तू सांग म्हनलीस तर उद्याच सांगतो. गावानं मारलं तरी चालंल."

"एवढा सामना होऊ दे, चाचा."

"म्हंजी तू बी तसंच म्हनतीस." तो पाणी प्यायला आणि त्यानं भांडं हळूच खाली ठेवलं. "तुला राग न्हाई येत आमचा?"

मी विचार करून बघितला. खरंच आत शोधून बघितलं. "नाही येत," मी म्हटलं.

तोही सामना ते जिंकले. आता फक्त शेवटचा उरला होता. गावानं ठरवलं, की त्याच्या आधीच्या रविवारी सगळ्या टीमला भोरला आणून सत्कार करायचा. वडील म्हणाले, "आता मात्र मी कापूरव्होळला जाऊन गाडी थांबवणार आणि त्याला बाजूला घेऊन सांगणार." आणि ते खरंच सकाळी गेले. पण कापूरव्होळला किकवी-सारोळ्याकडची माणसं हारतुरे घेऊन रस्त्यातच बसली होती. गाडी थांबताच त्यांनी पोरांना खांद्यावर घेतलं. वडील त्या गर्दीत भावाला हात करत राहिले आणि भाऊही लांबून हात करत राहिला. वडील आपलं कौतुक करायला एवढ्या लांब आले, असं त्याला वाटलं. नंतर वडिलांना गाडीच्या टपावर जागा मिळाली आणि भाऊ पुढं चाचाशेजारी.

दुपारी मिरवणूक निघाली. लेझीम, हलगी, गुलाल. पाऊस उघडला होता. पोरं अनवाणीच चालत होती, मैदानावर खेळत तशी. आमच्या आळीच्या तोंडाशी मिरवणूक आली आणि भाऊ तिच्यातून निसटून पळत घरी आला. केस, भुवया, मान, सगळं गुलाबी. काखेत फुटबॉल.

"अक्का! कुठाय पैलवान?"

आई चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. मी सोप्यात उभी होते.

"बाळ गेलं," मी म्हटलं.

"कुठं? गुंजवण्याला ठेवून आलीस व्हय? एवढ्या ल्हान पोराला?"

"गेलं रे. आषाढातच गेलं. ताप आला होता."

त्यानं चेंडू खाली ठेवला नाही, टाकलाही नाही. तसाच काखेत धरून उभा राहिला. बाहेर हलगीचा ठेका जोरात लागला होता.

"आषाढात?" तो म्हणाला. "पण चाचा परवाच म्हणला, मजेत हाय."

"त्याला तसं सांगायला लावलं होतं."

"कुणी?"

"सगळ्यांनी. मी पण."

"म्हंजी गावाला ठाऊक होतं?"

"व्हय."

त्यानं दाराकडं बघितलं. दारातून आळीचं तोंड दिसत होतं आणि तिथं शिंपी झेंडा नाचवत होता. मग भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला, लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं टाकून. गुलालाचे ओघळ त्याच्या सदऱ्यावर आले. मी त्याच्याजवळ बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मुलासाठी कुणीतरी रडतंय हे मला दिसत होतं, आणि ते मी नदीच्या पलीकडच्या काठावरून बघावं तसं बघत होते. छातीवरचं फडकं मात्र ओलं झालं. आटलंय असं वाटलेलं दूध त्याच्या रडण्याच्या आवाजानं पुन्हा आलं. शरीराला काय कळतं, कुणाचं रडणं ते.

त्याचा गोलकीपर त्याला शोधत दारात आला. उंच, सावळा, सोलापूरकडचा मुलगा. त्यानं आत बघितलं आणि मला विचारलं, "काय झालं, अक्का?" मी सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसला, आमच्याकडं पाठ करून, दुसरं कुणी आत येऊ नये म्हणून.

थोड्या वेळानं शिंपी हाका मारत आला. "अरं, चला की! मानसं खोळंबली!" गोलकीपर उठला नाही. शिंप्यानं त्याच्या खांद्यावरून आत बघितलं, मला बघितलं, आणि त्याच्या हातातला झेंडा हळूहळू खाली आला.

"सांगितलंस व्हय?" तो म्हणाला. "आठ दिसानं सांगायचं, बाय."

भाऊच उठला. मी तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं, त्यानं तोंड धुतलं. म्हणाला, "जातो. सगळे आलेत." आणि गेला. सत्काराच्या वेळी तो पहिल्या रांगेत बसला होता असं वडिलांनी सांगितलं. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तर नुसते हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं यश मिळवून पोरगं किती साधं राहिलंय, असं गावात पुढं किती तरी दिवस बोलत होते.

शेवटचा सामना ते हरले. भाऊ खेळला, चांगला खेळला म्हणे, पण हरले. त्या संध्याकाळी चाचानं गाडी पुलावरून हळू आणली. लोक उभे होते ते पांगले. आठ दिवस थांबले असते तर चांगलं झालं असतं, असं शिंप्याची बायको विहिरीवर मला म्हणाली. वाईट मनानं म्हणाली नाही. मी घागर उचलली.

भाऊ आणखी दोन वर्षं खेळला. गावावर त्यानं राग धरल्याचं कधी दिसलं नाही. सुट्टीला येताना तो पूर्वीसारखाच चाचाशेजारी बसून यायचा. चाचा मला म्हणाला, की पहिल्या खेपेला कात्रजच्या घाटापासून भोरपर्यंत दोघंही एक शब्द बोलले नाहीत, आणि उतरताना भावानं विचारलं, "तुमची पोरं बरी हायती का?"

मी भात काढणीला सासरी गेले. पुढं दोन मुली झाल्या. रडू मला केव्हा आलं, कोणत्या दिवशी, ते नेमकं सांगता येत नाही. बहुतेक थोडं थोडं येऊन गेलं असावं, कामात.

भावाचं मात्र एक झालं. तो पुढं भोरलाच शाळेत शिक्षक झाला आणि भावकीत, आळीत कुणाच्याही घरची वाईट बातमी पोचवायची असली, की ती तो दुसऱ्या कुणाला नेऊ देत नसे. स्वतः जायचा. मोटारीनं, सायकलीनं, नाहीतर पायी. संस्थान विलीन झालं त्याच्या आसपास वडील गेले. तेव्हा नसरापूरपासून चालत तो आमच्याकडे आला. मी खाचरात होते. मला बांधावरून येताना तो दिसला आणि त्याच्या चालीवरूनच मी ओळखलं. त्यानं घरात यायची वाट बघितली नाही, पाणी मागितलं नाही. बांधावर उभं राहूनच म्हणाला, "अक्का, वडील गेले. आज सकाळी."

मी हात धुतले, खोचलेला पदर सोडला आणि त्याच्याबरोबर निघाले.