घर वापरण्यावर असतं

दोघी जावा एकाच मालकाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्याने राहत. थोरली घरी कपडे शिवायची, धाकटी एका दवाखान्यात फोन घ्यायला बसायची. थोरलीचा हात सुरेख, पण स्वतःसाठी काही मागून घेणं तिला जमायचं नाही. धाकटीला ते बसल्याजागी जमायचं. तिच्या भिंतीला ओल आली, तिने मालकांना जिन्यातच गाठलं आणि आठवड्याच्या आत गवंडी हजर. हसत हसत खिडकीची कडीही बदलून घेतली.

थोरली दारातून बघत होती. ओल्या सिमेंटचा वास तिच्या खोलीपर्यंत येत होता आणि तिच्या पोटात दुखत होतं. जाता जाता मालक थांबले.

"तुमच्याकडे आहे का काही काम? गवंडी आलाच आहे."

तिच्या कपाटामागेही ओल धरली होती, हे तिला ठाऊक होतं. पण पलीकडे धाकटी पदराला हात पुसत उभी होती.

"आमच्याकडे काही नाही," थोरली म्हणाली. "घर काय, वापरण्यावर असतं."

बोलताना जे सुख झालं, ते फार टिकलं नाही. ओल कपाटाच्या कडेने बाहेर आली, शिवणाच्या मशीनपर्यंत पसरली आणि एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर तपकिरी डाग पडला. पुढचे कपडे त्या बाईंनी दुसरीकडे टाकले. अशा आणखी दोघीतिघी गेल्या असत्या, तर मशीन झाकून ठेवायची वेळ आली असती.

म्हणून थोरली मालकांना पत्र लिहायला बसली. तोंडाने सांगायची सोय तिनेच घालवली होती. पहिला कागद नवऱ्याने वाचला.

"यात धाकटीची भिंत चारदा आणि आपली एकदा. तक्रार मालकांकडे आहे की माझ्या भावाकडे?"

"मग तुम्ही लिहा."

"मी कुठे म्हटलं होतं, वापरण्यावर असतं म्हणून?"

दुसऱ्या कागदावर तिने फक्त आपल्या भिंतीचं लिहिलं. 'लोकांचे कापड माझ्या भरवशावर असते. तरी हे काम महिनाअखेरपर्यंत झालेच पाहिजे, ही नम्र विनंती.'

"झालेच पाहिजे आणि नम्र विनंती?" नवरा म्हणाला.

"दोन्ही खरं आहे."

पण मधली एक ओळ कोरीच राहिली. तेव्हा 'काही नाही' असं का म्हणालात, हे मालक विचारणारच. त्यावर काय लिहायचं?

तेवढ्यात धाकटी ब्लाउजला हूक लावून घ्यायला आली आणि तिने मशीनवरचा कागद न विचारताच वाचला.

"ताई, इथे लिहा ना, तेव्हा ओल कपाटाआड होती, आता बाहेर आली आहे. खोटं काय त्यात?"

"मला ठाऊक होती ती."

"ते कोण विचारतंय? आणि ते 'घर काय, वापरण्यावर असतं' म्हणालात ना, ते मी केव्हाच विसरले."

विसरलेल्या बाईला वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं. हूक लागताच ती गेली.

थोरलीने स्वतःची तीन-चार वाक्यं करून पाहिली. प्रत्येक लांबत गेलं आणि चोरी पकडल्यासारखं वाटायला लागलं. धाकटीचं मात्र मापाने बेतल्यासारखं बसत होतं. शेवटी तिने तेच घेतलं. फक्त 'आता बाहेर आली आहे'च्या जागी 'आता निदर्शनास आली आहे' असं केलं. निदान एवढं तरी आपलं.

मालक पत्र हातात घेऊनच आले. गवंड्याने कपाट सरकवलं.

"नीट लिहिलंय हो बाई. हे 'कपाटाआड होती' लिहिलंत, ते तर छानच. वाद घालायला जागाच ठेवली नाहीत."

धाकटी आपल्या दारात उभी होती. थोरलीने तिकडे पाहिलं नाही.

"सुचलं आपलं," ती म्हणाली आणि गवंड्याकडे वळली. "गिलावा शेजारी घातलात तोच घालणार ना? की आम्हाला हलका?"