यांच्या बीअरचा वास

हे मी बहिणीला सांगितलं नाही, पोराला नाही, देवापुढं बसून हात जोडले तरी तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगते. का तुम्हालाच? — तुम्ही आमच्या पडेगावचे नाहीत, म्हणून असेल. आणि तुम्ही यांच्या कानावर घालणार नाही, म्हणून.

गोष्ट बीअरची आहे. व्हय, बीअरचीच. माझं माहेर दौलताबादचं, तिथं घरात दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलत. आणि आता साठीला टेकलेली मी गॅसपाशी गाळणं धरून उभी राहते, पातेल्यात बीअर उकळत असते! शेजारच्या वहिनींनी विचारलं की सांगते, यांचा काढा चाललाय. पण हे खोटं किरकोळ. याचं मला काही वाटत नाही.

आधी आमच्या यांचं सांगायला पाहिजे. हे मसाल्याच्या कारखान्यात होते. धन्याच्या, जिऱ्याच्या पोत्यात हात घालायचा, मूठभर नाकाशी न्यायचं, आणि माल ठेवायचा का परत पाठवायचा ते सांगायचं — जन्मभर हेच काम. गल्लीतल्या बाया तूप आणलं की आधी आमच्या दारात वाटी घेऊन उभ्या. "भाऊ, बघा बरं, डालडा तर नाय ना?" हे डोळे मिटून वास घ्यायचे आणि सांगतील ते खरं. तेवढाच एक गर्व होता त्यांना. बाकी माणूस साधा. आणि अबोल — लई अबोल. इतक्या वर्षांच्या संसारात ‘वाढ’, ‘दार लाव’ आणि ‘पाणी आलं का’ — याच्या पुढं आमचं बोलणं कधी गेलं नाही.

रिटायर झाले त्या साली राहुल, आमचा मुलगा, पुण्याहून बीअरची एक बाटली घेऊन आला. इंडिया पेल एल म्हणे. कडू जहर! मी एक घोट घेतला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. यांनी मात्र ग्लास नाकाशी धरला तो धरूनच बसले. "मोसंबीची साल," म्हणाले, "कच्ची कैरी... आणि मागं थोडी तुळस." मग म्हणाले, ही घरी करायची. हुबेहूब हीच.

राहुलनं सामान मागवून दिलं. हॉप्स नावाच्या हिरव्या गोळ्या असतात, दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. उकळताना टाकल्या की बीअर कडू होते. आंबून शांत झाल्यावर टाकल्या की वास येतो. त्या वासासाठीच सगळा आटापिटा. गोळ्यांचं पाकीट फ्रीजरमध्ये, माझ्या मटारांच्या शेजारी.

आणि काय सांगू तुम्हाला — पातेलं उकळायला लागलं की हे बोलायला लागायचे! तासभर ढवळत बसावं लागतं ना, जाणार कुठं? स्टुलावर बसून ढवळायचे आणि बोलायचे. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी किती घाबरले होते ते. लहानपणी गेलेल्या बहिणीचं. मला बघायला आले तेव्हा मी दिलेल्या पोह्यात मीठ नव्हतं, तरी का बोलले नाहीत ते. मी गाळणं हातात घेऊन ऐकायची. या वयात, माझ्याच नवऱ्याशी, माझी नव्यानं ओळख होत होती. कुणाला सांगितलं तर हसतील.

मग एक डाव जवळपास जमला. यांनी वास घेतला, खुशीत मांडीवर थाप मारली. "पुढच्या डावाला जमलंच समज, मंगल. मग हा सगळा पसारा राहुलच्या मित्राला देऊन टाकू. तुझं स्वयंपाकघर मोकळं."

मोकळं! म्हणजे ढवळणं संपलं, आणि यांचं बोलणंही.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेले होते. मी फ्रीजरमधून पाकीट काढलं, गच्चीवर गेले, आणि त्या गोळ्या जुन्या साडीवर पसरल्या. कुरडया घालतात तशा. एप्रिलचं ऊन. उन्हात वास उडतो हे मसाला करणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागतं का? यांची रिक्षा कोपऱ्यावर दिसायच्या आत गोळ्या पाकिटात भरल्या, चिमटा लावला, जागच्या जागी ठेवलं.

ती बीअर झाली तेव्हा तिला न धुतलेल्या मोज्यांचा वास येत होता. हे बुचकळ्यात पडले. उन्हाळा लई आहे, म्हणाले, पुढच्या वेळी बीअर आंबते त्या डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळू. म्हणजे — पुढची वेळ. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

मग परत केलं. परत एकदा. किती वेळा, ते मी मुद्दाम मोजलं नाही. यांनी यीस्ट बदललं, पाणी बदललं, डबा बदलला. माझ्यावर संशय? छे! मी तर गाळणं धरणारी.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही हो. इथवर असतं तर मी कधीतरी हसत हसत सांगूनही टाकलं असतं.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात आले तर हे ओट्यापाशी उभे. मसाल्याचे डबे उघडे. डोळे मिटून एकेक डबा नाकाशी न्यायचे, पुटपुटायचे — शहाजिरं... दगडफूल... — आणि डोळे उघडून बघायचे, बरोबर आलं का. सगळे बरोबर येत होते. तरी पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरू करायचे. मला बघून ओशाळले. म्हणाले, "माझं नाक गेलं वाटतं गं. ताज्या गोळ्या टाकतो आणि मला तो मोसंबीचा वासच येत नाय."

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय म्हणाले असेन?

"वय झालं की होतं असं," म्हणाले मी. वर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

हे मी केलं. गोळ्या वाळवल्या त्याचं नाही — या वाक्याचं सांगायला बसले होते.

त्यानंतर तुपाची वाटी आली की हे हात जोडायला लागले. "आता मला नाय कळत, दुसऱ्या कुणाला विचारा." मी आतून ऐकायची. ते ऐकून मी फ्रीजरला हात लावायचं सोडलं. पण तोंड? तोंड नाही उघडलं.

दिवाळीला राहुल आला तेव्हा नवी बीअर तयार होती. ताज्या, थंड गोळ्यांची. बाटली उघडली आणि खोलीभर मोसंबी सोलल्यासारखं झालं. पोरगा ओरडलाच, "बाबा, सेम! अगदी तीच!" यांनी ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

सामान कुणाला दिलं नाही. आपल्याला आता कळत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करून बघायला पाहिजे, असं यांचं म्हणणं. आजही दर पंधरवड्याला पातेलं चढतं. हे ढवळतात, बोलतात. परवा सांगत होते, आमच्या लग्नात यांचे बूट चोरीला गेले ते खरं तर यांनीच विकले होते. पोट धरून हसलो दोघं. मी सुखात आहे हो. पाहिजे होतं ते सगळं मिळालं मला.

फक्त बाटली उघडली की पहिला ग्लास हे माझ्या हातात देतात. मी वास घेते. हे माझ्या तोंडाकडं बघत थांबतात. मी "छान झालीय" म्हटल्यावरच पितात.