आई पत्ता निवडते

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या बारामतीच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं जातं. त्यानंतर कुणी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला तर मी ओरडते, कारण तिथं कार्डं मांडायची असतात. राक्षस, जादूगार, पंखवाले घोडे, पेटलेली जंगलं अशी चित्रं असलेली ही कार्डं मी पुण्यात नोकरीला असताना जमवायला लागले. घरून काम करायची सोय झाली आणि बारामतीला परत आले, तेव्हा साड्यांपेक्षा जास्त जपून ती आणली. नवऱ्याला नादी मीच लावलं. पुढे दातांचे एक डॉक्टर आणि वडगाव निंबाळकरहून स्कूटरवर येणारी माझी मैत्रीण असे आम्ही चौघं झालो. चाळिशीतली माणसं दुपारभर पत्ते खेळत बसतात याचं शेजारच्यांना नवल वाटतं. वाटू दे.

आम्ही खेळतो त्या प्रकाराला ड्राफ्ट म्हणतात. सगळी कार्डं पिसून त्यांची छोटी पाकिटं करायची. प्रत्येकानं आपलं पाकीट उघडून त्यातलं एक कार्ड स्वतःला ठेवायचं आणि बाकीची शेजाऱ्याला द्यायची. तोवर दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यानं त्याची उरलेली आपल्याला दिलेली असतात, त्यातलं पुन्हा एक घ्यायचं. असं फिरत फिरत सगळी संपतात, दुसऱ्या फेरीत नवी पाकिटं उलट दिशेनं फिरतात, आणि मग ज्याच्या हाती जे जमलं त्यावर लढाई. लोकांना वाटतं खेळ लढाईत आहे. तो निवडण्यात आहे, आणि यावर मी तासभर बोलू शकते. पहिल्या एकदोन कार्डांत जीव अडकवू नये. शेजारी काय सोडतोय ते बघावं. एकाच रंगाची चांगली कार्डं सारखी आपल्याकडे येत असतील तर तो रंग त्याला नकोय, आपल्याला मोकळा आहे. नुसती मोठी कार्डं गोळा करू नयेत, सुरुवातीला टाकायला हलकी आणि कामाची लागतात. घेतलेलं कार्ड परत ठेवता येत नाही. आणि मुख्य म्हणजे भीडभाड ठेवू नये.

आई आमच्याकडे आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. वडील गेल्यापासून ती पळसदेवला एकटीच राहत होती. अंगणवाडीत सेविका म्हणून गावातल्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या, त्यामुळे एकटी म्हणायचं ते आपलं म्हणण्यापुरतं. पण डोळा बिघडला, गुडघे तर आधीच कुरकुरत होते, आणि आता तिनं कायमचं कुणाकडे राहायचं हा विषय निघाला. भाऊ पुण्यात. त्याचं बाळ लहान, वहिनीची रजा संपत आलेली, त्यामुळे त्याला आई तिकडे हवी होती. मला ती माझ्याकडे हवी होती. तिच्यासाठी मी मागची खोली रिकामी करून ठेवली होती आणि खिडकीला नवे पडदेही शिवून घेतले होते. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं नाव, वय विचारलं तेव्हा आईनं भराभर सांगितलं. मग तिनं पत्ता विचारला. आई माझ्या तोंडाकडे बघू लागली.

मी माझा सांगितला. घरी आल्यावर तिला सरळ विचारलं, तुला कुठं राहायचंय? ती म्हणाली, तुमी ठरवाल तसं. भावानं फोनवर विचारलं, त्यालाही तेच. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर म्हणाली, माझं काय, मी कुठंबी ऱ्हाते. मला असल्या उत्तरांचा भारी राग येतो. निर्णय आपण घ्यायचा आणि पुढे चुकला तर मनात कुढायचंही आपणच.

त्याच सुमारास आमच्या दातांच्या डॉक्टरांनी इंदापुरात दुसरा दवाखाना काढला आणि त्यांचे रविवार तिकडे जायला लागले. तिघांत ड्राफ्टला मजा नाही. आईचा डोळा आता बरा होता, पण फोडणीच्या धुरात उभं राहायचं नाही म्हणून मी तिला स्वयंपाकघरातून हाकललं होतं, आणि हाताला काम नसल्यामुळे ती घरातल्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. नवरा म्हणाला, "मामी, बसा की चौथ्या." ड्राफ्ट म्हटल्यावर तिला बँकेतला ड्राफ्ट आठवला. मी समजावून सांगितलं. कार्डावरचं इंग्रजी वाचायची गरज नाही, कोपऱ्यात दोन आकडे असतात. पहिला किती मारतो त्याचा, दुसरा किती सोसतो त्याचा. एवढं तिला पटकन समजलं. ती माझ्या आणि नवऱ्याच्या मधे बसली, चष्मा पुसला आणि पाकीट उघडलं.

त्या दिवशी नवऱ्याचा हात असा जमला की बघत राहावं. माझाही कधी नव्हे इतका. मैत्रीण बिचारी कपाळाला हात लावून बसली. आई सगळ्यांशी हरली आणि प्रत्येक वेळी जिंकणाऱ्याचं कौतुक केलं. आवरताना मी सहज तिची कार्डं उलटून पाहिली. सगळा गाळ होता. आणि सावकाश माझ्या ध्यानात आलं की हा योगायोग नाही. हातात आलेल्या प्रत्येक पाकिटातलं नेमकं सगळ्यात कुचकामी कार्ड तिनं स्वतःला काढून घेतलं होतं आणि बाकीची आम्हाला दिली होती. त्यात एकदाही चूक नव्हती.

मी म्हटलं, "आई, तुला खेळ कळलाच नाही."

"कळला की," ती म्हणाली. "जोरकस कंचा न लेचापेचा कंचा, दिसतंय की आकड्यात. चांगला म्होरं द्यावा. आपलं कशावर बी भागतं."

नवरा हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. मला हसू आलं नाही. आंब्याच्या फोडी आम्हाला आणि कोय तिला, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की लहानपणी मला वाटायचं आईला कोयच आवडते. करपलेली भाकरी तिची, कान तुटलेला कप तिचा. इंदापूरला साड्या घ्यायला गेलं की आधी जावा निवडणार, नणंद निवडणार, आणि उरेल तो रंग हिला फार शोभतो असं सगळ्याजणी म्हणणार. आणि तीही म्हणणार. आता ती माझ्या टेबलावर बसून राक्षसांची पंगत वाढत होती आणि स्वतः खरवड घेत होती. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींचं काय करावं ते कळेना, म्हणून मी टेबल पुसलं.

तेव्हाच मी ठरवलं की हिला घ्यायला शिकवायचं. साधं कार्ड जिला उचलता येत नाही ती कुठं राहायचं ते काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर मनातून माझी खात्री होती की हिला एकदा घ्यायची सवय लागली, की ही मलाच घेईल. पुण्याला कशाला जाईल?

मग रविवारच नाही, मधल्या वारीही आमची शिकवणी सुरू झाली. मी पाकीट तिच्यापुढे मांडायची आणि विचारायची, यातलं चांगलं कोणतं? ती बरोबर बोट ठेवायची. मग घे ते, म्हटलं की हात मागं. टेबलावर तर कहरच. हातातली कार्डं नवऱ्याला दाखवून विचारायची, पावनं, ह्यो तुमाला लागंल का? ड्राफ्टमध्ये बोलायचं नसतं म्हणून मी डोळे वटारले की कार्डं घाईनं छातीशी धरायची आणि शेवटी पुन्हा गाळच काढायची. नवऱ्यानं वेगळी वाट धरली. मामी, तुम्ही सगळं आयतं देता, मग मला जिंकण्यात काय गंमत, म्हणाला. तिला ते पटलं. पुढच्या डावात तिनं त्याला वाईट कार्डं दिली नाहीत, पण फार चांगलीही दिली नाहीत; ती तिनं माझ्यासाठी दाबून ठेवली आणि फेरी उलटी फिरल्यावर मला द्यायचा प्रयत्न केला. असं करता येत नाही हे सांगताना माझा घसा बसला.

आणि मग एका रविवारी आई अडली. दुसऱ्या फेरीचं पाकीट तिच्या हातात होतं आणि ती पुढे देईना. मैत्रिणीनं घड्याळ बघितलं. आईनं कार्डं पंख्यासारखी धरली होती, त्यांच्यावरून नजर इकडून तिकडे जात होती आणि पुन्हा एकाच जागी येत होती. शेवटी तिनं एक काढलं, पालथं ठेवलं आणि त्यावर तळहात दाबून धरला. बाकीची माझ्याकडे सरकवली.

मी बघितलं तर त्यात एक जबरदस्त आगओक्या सर्प होता, तिच्याच रंगाचा. तो तिनं सोडला होता. म्हणजे नेहमीसारखंच, असं म्हणून मी उसासा टाकणार तेवढ्यात दिसलं की पाकिटातला गाळही जागच्या जागी आहे. सगळ्यात वाईटही तिनं घेतलं नव्हतं. मग काय घेतलं होतं? मला राहवेना. आई, नीट बघ एकदा, असं मी म्हणणार होते, पण टेबलाखालून नवऱ्याचा पाय माझ्या पायावर आला.

खेळताना ते कार्ड बाहेर पडलं. संध्याकाळचं पाणी, एक छोटी होडी, होडीत पाठमोरी बसलेली बाई. पहिला आकडा शून्य, दुसरा मोठा. मारत काहीच नाही, नुसतं सोसतं. माझ्या सगळ्या नियमांनी बघितलं तर ती निवड चुकलेलीच होती. त्या सर्पानंच मी तिला हरवलं. पण हरेपर्यंत आईनं ती होडीवाली बाई पुढे उभी करून माझे हल्ले परतवले, आणि प्रत्येक हल्ला परतला की ती गालातल्या गालात हसत होती. इतक्या दिवसांत टेबलावर ती पहिल्यांदाच खेळत होती. तिला काय चांगलं आहे हे मी शिकवत बसले होते. तिला काय आवडतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. वहिनीची रजा संपली होती, त्याला आईला न्यायला यायचं होतं. मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. तो पुण्यातले मोठे दवाखाने सांगू लागला, मी मागची खोली सांगू लागले. तो बाळाचं नाव काढायचा, मी डोळ्याच्या डॉक्टरांचं. आवाज दोघांचेही गोड होते आणि दोघंही भांडत होतो. आई समोर बसून एकदा फोनकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग तिनं हात वर केला, अंगणवाडीत पोरं गप्प करायला करायची तसा.

"मी पळसदेवलाच ऱ्हानार हाय," ती म्हणाली. "त्याच्याकडं बी येईन न तुझ्याकडं बी येईन. पन पावनी म्हनून. पावनीचं ताट आधी वाढत्यात."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. एकटी राहणार, डोळ्यात थेंब कोण घालणार, गुडघा धरला तर कुणाला हाक मारणार, आणि हे सगळं चुकतंय आई, असं मी एका दमात सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चुकंल बी," ती म्हणाली. "पन मी घेतलंय आता. घेतल्यालं परत ठिवता येत न्हाय, तूच सांगितलंस न्हवं?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. इतके रविवार मी जिला घ्यायला शिकवलं तिनं घेतलं, आणि मला नाही घेतलं. नवरा येऊन शेजारी उभा राहिला, पुसायला फडकं घेतलं. पडदे चांगले झालेत, एवढंच मी त्याला म्हणाले आणि रडले.

मेमध्ये मी तिला गाडीनं सोडायला गेले. धरणाचं पाणी उतरलं होतं, एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि ते बघायला आलेल्या पुण्याच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. घर उघडलं, झाडलं, थेंबांच्या वेळा मी शेजारच्या सुनेला समजावून सांगितल्या. निघताना पाया पडले. मी पळसदेवहून निघते तेव्हा आई दरवेळी दारात उभी राहते आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात खाली करत नाही. या वेळीही ती आली, हात वर केला, तेवढ्यात गल्लीत मासेवाली आली. पाटीत ताजी चिलापी होती. बायका जमायच्या आत आई पुढे झाली आणि पाटीशी खाली बसली, त्या गुडघ्यांनी.

मी गाडी चालू केली होती. आरशात बघितलं तर तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिनं एक मासा उचलला, कल्ला उघडून बघितला, ठेवून दिला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मासेवाली वरचंच काहीतरी पुढे करत होती आणि आई मान हलवून नाही म्हणत होती, हात खाली खुपसून खालचा मोठा मागत होती. मागं दोघीतिघी येऊन थांबल्या होत्या. तिनं त्यांच्यासाठी जागा केली नाही.

मी हॉर्न वाजवला नाही. तिचं निवडून होईपर्यंत गाडीतच बसून राहिले.