कारंज्याचं गाणं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या रेणूमावशी कितीतरी वेळा वेगासला गेल्यात, पण तिथलं ते गाण्यावर नाचणारं कारंजं आहे ना, त्याचं गाणं त्यांनी एकदाही ऐकलेलं नाही! इंडियातून पाहुणे आले की वेगास ठरलेलं, आणि सोबत राइस कुकर. सगळे फिरणार, मावशी हॉटेलच्या रूममध्ये खिचडी लावणार.

यंदा त्या नवी साडी नेसून दारात उभ्या राहिल्या. "आज मीपण येणार."

"अगं, मग जेवायचं काय?" त्यांचा नवरा हसला. "कारंजं इथून दिसतंच की!"

पाहुणेही हसले, आणि गेले.

खाली पाणी नाचायला लागलं. मावशींनी खिडकी ढकलली. पण तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत यार! काहीच ऐकू येईना, मागे खदखदणारा कुकर तेवढा ऐकू येत होता. मावशींनी भिंतीतून त्याची पिन उपटली, आणि खिचडी कच्चीच ठेवून तशाच खिडकीशी बसून राहिल्या.